बोलका एडिटर

संगणकावर मजकूर लिहिण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे टेक्स्ट एडिटर होय. अक्षरे उमटवावीत, खोडावीत, शोधावीत आणि फाइलमध्ये जतन करावीत, एवढेच त्याचे काम. ठळक ठसे, रंगीत चौकटी असा थाट त्याला ठाऊक नसतो. आमच्या मते हे त्याचे उणेपण नसून सामर्थ्य आहे. कारण कोरा मजकूर जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला वाचता येतो. बेल प्रयोगशाळेतील डग मॅक्इलरॉय यांनी १९६४ सालीच सुचविले होते की, बागेतील पाण्याच्या नळ्यांप्रमाणे प्रोग्रॅमही एकमेकांस जोडता यावेत. १९७३ साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीत ती सोय करून दिली. तिला ‘पाइप’ म्हणतात. एका प्रोग्रॅमने लिहिलेला मजकूर या नळीतून थेट दुसऱ्याच्या पुढ्यात जाऊन पडतो.

एवढ्याशा नळीने काय साधू शकते, हे पाहण्यासाठी टी. व्ही. रामन यांचे उदाहरण घेऊ. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित, पुढे मुंबईच्या आयआयटीत गणित व संगणकशास्त्र आणि १९९४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. असा त्यांचा शिक्षणप्रवास आहे. गणिताचे लेखन श्राव्य कसे करावे, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९९५ साली त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ प्रसिद्ध केला.

त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली सर्वांसाठी खुला केलेला जीएनयू ईमॅक्स हा एडिटर एका बाजूस आणि मजकुराचा आवाज करणारे वाणीयंत्र दुसऱ्या बाजूस. या दोहोंच्या मध्ये रामन यांनी एक छोटा दुभाषी प्रोग्रॅम बसविला. ईमॅक्स त्याला नळीतून साध्या अक्षरांत आज्ञा पाठवितो. ‘क्यू’ म्हणजे हा मजकूर रांगेत लाव, ‘डी’ म्हणजे रांगेतले सारे बोलून दाखव, ‘एस’ म्हणजे थांब. वाणीयंत्र बदलले तर दुभाषी तेवढा बदलावयाचा. एडिटरला त्याची खबरही लागत नाही.

परंतु खरी गंमत पुढे आहे. पडद्यावर जे दिसते ते वाचून दाखविणारे प्रोग्रॅम त्यापूर्वीही होते. एडिटरमधील दिनदर्शिकेवर असा प्रोग्रॅम आला, तर तो ‘चौदा’ म्हणून थांबतो. कारण त्या चौकटीत तेवढाच आकडा असतो. वार कोणता, महिना कोणता, हे डोळस माणूस वर नजर टाकून जाणतो. ईमॅकस्पीक मात्र पडद्याला विचारीत नाही, एडिटरच्या आतल्या माहितीला विचारतो आणि वार, तारीख, महिना, वर्ष असे सगळे सांगतो. प्रोग्रॅमचा मजकूर वाचताना मूळ आज्ञा एका आवाजात आणि टीपा दुसऱ्या आवाजात ऐकू येतात. डोळ्यांना रंगाने कळते ते कानांना स्वराने कळते.

हे करताना रामन यांनी मूळ ईमॅक्सची एक ओळही बदलली नाही. ईमॅक्समध्ये ‘अ‍ॅडव्हाइस’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे कोणत्याही क्रियेच्या आधी किंवा नंतर आपली क्रिया जोडता येते. ‘पुढच्या ओळीवर जा’ ही क्रिया संपली की ‘ती ओळ बोल’ ही क्रिया आपोआप होते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस ही बाब सर्वांत मोलाची वाटते. अंध वापरकर्त्याला कोणाच्या दयेवर, ‘पुढच्या आवृत्तीत तुमचा विचार करू’ या आश्वासनावर अवलंबून राहावे लागले नाही. दार मुळातच कुलूपबंद नव्हते, म्हणून त्याने आपली वाट स्वतः केली. सवलत आणि हक्क यांतील फरक आपल्या समाजाला निराळा समजावून सांगावयास नको.

परमपूज्य बाबासाहेबांची दृष्टी अखेरच्या वर्षांत मधुमेहाने मंदावली होती. त्यांची हस्तलिखिते नानकचंद रत्तू टंकलिखित करीत. असा निष्ठावान सहकारी लाभणे प्रत्येक दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या नशिबी नसते.

ईमॅक्स शिकावयास सोपा आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याच्या कळींच्या जोड्या बोटांत बसावयास काही आठवडे लागतात, आणि इंग्रजीचा अडसर आहेच. ‘ई-स्पीक’ या मुक्त वाणीयंत्रात मराठी आहे. उच्चार यांत्रिक वाटतो, पण अर्थ कळतो. ईमॅक्स, ईमॅकस्पीक आणि ई-स्पीक ही तिन्ही साधने विनामूल्य मिळतात व साध्या संगणकावरही चालतात. ज्या पालकांच्या घरी किंवा शेजारी दृष्टिहीन मूल आहे, त्यांनी आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी संगणक क्षेत्रात असलेल्या कोणालाही गाठावे. ती बसवून देण्यास एक दुपार पुरेल.