ट्रेनर शोधण्याआधी घरचं घड्याळ बघा

आमची चिंगी चाकणला कंपनीच्या गेटमागे जन्मलेली. गावठी, तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. रावेतच्या सातव्या मजल्यावर आणली तेव्हा दोन महिन्यांची होती. माझी दर आठवड्याला शिफ्ट बदलते, बायको हिंजवडीला, घरी दिवसभर आई. आठ महिन्यांची झाल्यावर चिंगी लिफ्टमध्ये लोकांच्या अंगावर उड्या मारायला लागली. एकदा मुकाई चौकाच्या रस्त्यावर तिनं आईला दोरीसकट ओढलं, आईचा गुडघा फुटला. त्या धास्तीत मी सगळ्यात सोपा वाटला तो मार्ग धरला. महिनाभर तिला ट्रेनरकडेच ठेवलं.

आणायला गेलो तेव्हा ती मैदानावर ‘सिट’ म्हटलं की बसत होती, ‘स्टे’ म्हटलं की हलत नव्हती. माझे डोळे भरून आले. घरी मात्र आई ‘बस गं’ म्हणतेय आणि ही दाराकडे धावतेय. तेही चालवून घेतलं असतं. पाचव्या दिवशी पहाटे, फर्स्ट शिफ्टला निघताना मी कपाटातून कमरेचा पट्टा ओढला. बकल वाजलं आणि चिंगी जागच्या जागी पोट टेकून मुतली.

ट्रेनरकडे तिच्याशी कसे वागले, मी पाहिलं नव्हतं. ‘मध्ये भेटायला येऊ नका, तिचं लक्ष उडतं’ असं सांगितलं आणि मी ते ऐकलं. तुम्ही ऐकू नका. पैसे भरण्याआधी विचारा: शिकवताना बघायला कधीही येऊ का? गळ्यात काय घालता? ऐकलं नाही तर काय करता? चोक चेन किंवा काट्यांचा पट्टा दिसला तर तिथून उठा. जनावराला मारणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

दुसरं मला फार उशिरा कळलं. कुत्रा जे शिकतो ते त्या जागेसकट, त्या माणसासकट शिकतो. मैदानावरचं ‘सिट’ सातव्या मजल्यावर आपसूक येत नाही, तिथं ते पुन्हा शिकवावं लागतं. म्हणून आधी बघा, दिवसातले जास्त तास त्याच्यासोबत कोण असतं. आमच्याकडे आई, म्हणजे शिकायचं होतं आईनं. मग घरी येणारा ट्रेनर लावला, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेपाचला, माझी शिफ्ट कुठलीही असो. शब्द आईचेच ठेवले: बस, थांब, सोड. घरात सगळ्यांनी तेच बोलायचे. आई माळकरी, म्हणून बक्षीस पनीरचं, चण्याएवढे तुकडे. जेवणाआधी पाच मिनिटं, तेवढंच.

गटातले क्लास जनरल शिफ्टवाल्यांना, रविवार मोकळा असणाऱ्यांना चांगले, आणि स्वस्तही पडतात. नाइट करून आलेल्या माणसाला सकाळी सातचा क्लास झेपत नाही. दोन बुडले की तिसऱ्याला जाणं होत नाही. दुसऱ्या कुत्र्यांना भिणाऱ्यानं सुरुवात तिथं करू नये. पिल्लू लहान असेल तर ट्रेनरची वाटच बघू नका. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात जे दिसतं-ऐकू येतं त्याची भीती पुढं कमी वाटते. लसी पूर्ण होईपर्यंत डॉक्टरांना विचारून कडेवर घ्या आणि लिफ्ट, डंपर, कुकरची शिट्टी, सगळं दाखवा.

आता चिंगी लिफ्टचं दार उघडलं की आईच्या पायाशी बसते, आई ‘चल’ म्हणेपर्यंत. कमरेचा पट्टा मी अजून बाथरूममध्ये जाऊन, दार लावून बांधतो.