माशी अंडीं कोठें घालते?

घरांत माशा फार झाल्या म्हणजे आपण फडकें घेऊन त्यांस हांकलतों. परंतु त्या आल्या कोठून, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, घाण कुजली म्हणजे तींतून माशा आपोआप उत्पन्न होतात. पूर्वीं मोठमोठे विद्वानही असेंच मानीत. इ. स. १६६८ मध्यें इटली देशांतील फ्रांचेस्को रेडी नांवाच्या वैद्यानें ह्या मताची परीक्षा प्रसिद्ध केली. त्यानें कांहीं भांड्यांत मांस ठेवून तीं उघडीं ठेविलीं, आणि कांहींचीं तोंडें बारीक जाळीदार कापडानें बांधिलीं. उघड्या भांड्यांतील मांसांत अळ्या पडल्या. झांकलेल्या मांसांत पडल्या नाहींत. माशा मात्र वासानें ओढल्या जाऊन कापडावर जमल्या, व तेथें अळ्या दिसूं लागल्या. तेव्हां घाण माशीला जन्म देत नाहीं. मादी ती जागा शोधून काढते, हें उघड झालें.

आतां घरांतील माशीचाच विचार करूं. तिची मादी एका खेपेस सुमारें १०० अंडीं घालते, व आपल्या अल्प आयुष्यांत अशा अनेक खेपा करते. अंडें पांढरें, लांबट आणि सुमारें १ मिलिमीटर लांबीचें असतें. कोरडेपणा त्यास सोसत नाहीं. त्यांतून निघणाऱ्या अळीस पाय नसतात. अन्नाच्या शोधार्थ ती दूर जाऊं शकत नाहीं. म्हणून तिचें जगणें किंवा मरणें आईनें निवडलेल्या जागेवर अवलंबून असतें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. माशीला स्वतःला गूळसाखर आवडते, तरी कोरड्या गुळावर ती सहसा अंडीं घालीत नाहीं. ती स्वतःच्या जिभेकडे नव्हे, तर अळीच्या अन्नाकडे पाहते.

ही निवड ती कशी करते? प्रथम वास. डोक्यावरील दोन आंखूड मिशांनीं तिला कुजणाऱ्या पदार्थांचा, विशेषतः अमोनियाचा उग्र वास कळतो. जवळ आल्यावर ती पायांनीं चव घेते, कारण तिच्या पायांवर चव जाणणारे केंस असतात. शेवटीं पोटाच्या टोकाचा, दुर्बिणीच्या नळीप्रमाणें लांब होणारा अवयव ती भेगेंत घालते, आणि ओलावा व सांवली असेल तेथें अंडीं सोडते. ताजें शेण, घोड्याची लीद, कोंबड्यांची विष्ठा, मनुष्याचा मळ व कुजका पाला ह्यांत तिला सर्व कांहीं मिळतें.

ह्याहूनही नवल असें कीं, एकीनें नुकतींच अंडीं घातलेल्या जागीं दुसऱ्या माशाही येऊन अंडीं घालतात. परंतु कांहीं वेळानें त्याच जागेस टाळूं लागतात. इ. स. २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत ह्याचें कारण दिलें आहे. अंड्यांवर सूक्ष्म जंतु वाढत जातात, व ते फार वाढले म्हणजे माशीस तेथें अंडीं न घालण्याची खूण मिळते. उशिरां निघालेल्या लहान अळ्यांस मोठ्या अळ्या खाऊन टाकण्याचा संभव असतो. माशी हें सर्व विचार करून ठरविते, असें आम्ही म्हणत नाहीं. खुणा ओळखण्याची शक्ति तिला उपजतच असते.

वाचकहो, हा केवळ कौतुकाचा विषय नव्हे. उकिरड्यावर बसलेली माशी थोड्याच वेळानें लेंकराच्या भाकरीवर बसते, आणि अतिसार, आंव व विषमज्वर ह्यांचे जंतु पायांनीं व ओकारीनें तेथें पोंचविते. उन्हाळ्यांत अंडें एका दिवसाच्या आंत फुटतें, आणि ७ ते १० दिवसांत नवी माशी उडूं लागते. म्हणजे आठवडाभर न हलविलेला ढीग हें माशांचें शेतच होय.

परंतु माशी ज्या खुणा शोधते, त्या नाहींशा करणें आपल्या हातीं आहे. गोठ्यांतील शेण रोज काढावें. तें खड्ड्यांत दाबून वर मातीचा थर द्यावा. आंतील उष्णतेनें अळ्या मरतात, पण कडा थंड राहतात, म्हणून कडेचें खत वरचेवर आंत ओढावें. गोवऱ्या कडक उन्हांत पातळ थापाव्या, म्हणजे त्या लवकर वाळून अळ्यांस ओलावा उरत नाहीं. संडासास झांकण असावें. तान्ह्या मुलांची विष्ठा अंगणाच्या कोपऱ्यांत टाकूं नये. ती संडासांत टाकावी किंवा खोल पुरावी.

घरीं विचारावयाचे प्रश्न: (१) रेडीनें कापड बांधिलें त्यावरून काय सिद्ध झालें? (२) अळीस कोणत्या दोन गोष्टी अवश्य लागतात? (३) आपल्या घराभोंवतीं अशी जागा कोठें आहे, आणि ह्या आठवड्यांत ती कोण साफ करील?