इंग्रजीतील षष्ठी : एका चिन्हाचे मोल

कार्यालयीन कामकाजात इंग्रजी कागद वाचण्याचा वा लिहिण्याचा प्रसंग आजही अनेकदा येतो. अशा कागदात स्वामित्व दाखविणारे ‘अपॉस्ट्रॉफी’ हे चिन्ह असते. अक्षराच्या वरच्या अंगास काढलेल्या स्वल्पविरामासारखे हे चिन्ह क्षुल्लक वाटते. परंतु मालक एक की अनेक, हे त्याच्या जागेवरून ठरते.

मराठीत हे काम अनुस्वार करतो. ‘भावाची जमीन’ एकाची, ‘भावांची जमीन’ अनेकांची. इंग्रजीत ‘ब्रदर’ शब्दापुढे आधी चिन्ह व मग ‘एस’ आल्यास मालक एक. आधी ‘एस’ व मग चिन्ह आल्यास अनेक. उच्चार मात्र दोहोंचा ‘ब्रदर्स’ असाच होतो. म्हणून ऐकून लिहिताना संख्येची खात्री करून घ्यावी.

५ सप्टेंबरचा ‘टीचर्स डे’ सर्व शिक्षकांचा. तेथे चिन्ह ‘एस’नंतर येते. १४ नोव्हेंबरच्या ‘चिल्ड्रन्स डे’त मात्र ते ‘एस’पूर्वी येते, कारण ‘चिल्ड्रन’ हे ‘एस’वाचून झालेले अनेकवचन आहे.

दोन पथ्ये पाळावीत. स्वामित्व नसेल, तर नुसत्या अनेकवचनाला चिन्ह लावू नये. ‘त्याचे’ या अर्थाचे ‘इट्स’ चिन्हावाचून लिहावे. चिन्ह घातल्यास ‘ते आहे’ असा अर्थ होतो.

वाटणीपत्रातील अनुस्वार आपण काळजीपूर्वक पाहतो. इंग्रजी कागदातील हे चिन्हही स्वाक्षरीपूर्वी तसेच पाहावे. एवढ्याशा फरकाने एकाचा हक्क अनेकांचा, किंवा अनेकांचा एकाचा, असा वाचला जाऊ शकतो.