कोंबडीचं ताट आणि उंदराची वाट : परसातल्या खुराड्यातून शिकायचा एक पाठ



आपल्या बदलापूरच्या मांजर्लीत टोलेजंग इमारतींच्या शेजारी अजूनही जुनी घरं आहेत, आणि त्या घरांमागे परसात चार-आठ गावठी कोंबड्या दिसतात. वर्गातल्या पाच-सहा मुलांकडे तरी कोंबड्या असतातच. त्यांना विचारा, "तुमच्या कोंबड्यांचं खाणं कोण खातं?" मुलं हसतात. पण थोडं थांबलात तर खरी उत्तरं येतात : "खार येते सर." "रात्री उंदीर येतात." "आमच्याकडे घूस आहे, तिने भिंतीखालून बीळ केलंय."

आजचा पाठ याच विषयावर. इयत्ता तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासाला आणि गणिताला तो सहज जोडता येतो. पालकांनाही घरी उपयोगी पडेल.

पाठाचा गाभा एका वाक्यात

उंदराशी लढायचं नाही, त्याचं ताट उचलायचं. कोंबडी सूर्य मावळला की खुराड्यात जाऊन बसते, रात्री खात नाही. मग रात्रभर बाहेर राहिलेलं खाद्य कोणासाठी असतं? ते आपण उंदरासाठीच वाढून ठेवलेलं असतं.

हा विषय एवढा महत्त्वाचा का?

दोन-चार मुठी कणी गेली तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण प्रश्न फक्त कणीचा नाही.

आपण उल्हास नदीकाठची माणसं. जुलै २०१९ मध्ये उल्हासला पूर आला, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हे मोठ्यांना चांगलंच आठवत असेल. पूर ओसरतो, पण चिखल आणि डबकी मागे राहतात. त्याच काळात ऐकू येणारा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. त्याचे जिवाणू उंदीर-घुशींच्या लघवीतून बाहेर पडतात. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही, पण ते जिवाणू पसरवत राहतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात ते टिकतात आणि पायाच्या जखमेतून, चिरेतून माणसाच्या शरीरात शिरतात. आपली मुलं परसात अनवाणी फिरतात. जिथे खाद्य सांडतं तिथे उंदीर येतो, आणि जिथे उंदीर येतो तिथेच तो मुततो. म्हणून पावसाळ्यात ताप, पोटऱ्या खूप दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि "घरी कोंबड्या आहेत, परसात उंदीर आहेत, चिखलातून चाललो होतो" हे आवर्जून सांगा.

दुसरी गोष्ट सापाची. उंदीर वाढले की त्यांच्या मागावर धामण, नाग, घोणस येतात. धामण बिनविषारी आणि आपल्या उपयोगाची, पण अंधारात अंडी काढायला हात घालणाऱ्या मुलाला समोर कोण आहे ते कसं कळणार?

तिसरी गोष्ट अंड्याची. उंदरांच्या लेंड्या खाद्यात पडल्या की साल्मोनेलासारखे जंतू कोंबडीपर्यंत आणि तिथून अंड्यापर्यंत जाऊ शकतात. शिवाय उंदीर अंडी पळवतात, लहान पिल्लंही मारतात.

धान्य आणि उंदीर यांचं नातं मुंबई परिसराने एकदा फार महाग मोजलं आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे गोदीजवळचा, धान्याच्या गोदामांचा भाग. तेव्हा हा रोग नेमका कसा पसरतो हे कोणाला माहीत नव्हतं. उंदरावरच्या पिसवांमधून तो पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. प्लेगवरची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या नावाची संस्था आजही परळला आहे. मुलांना हे जरूर सांगा, पण घाबरवण्यासाठी नको. धान्य उघडं ठेवणं हा फक्त घरचा मामला नसतो, एवढं त्यांना कळावं.

आधी चोर ओळखा

सगळे पाहुणे सारखे नसतात. फळ्यावर एक तक्ता करा.

- खार : दिवसा येते. दोन पायांवर बसून, पुढच्या हातांत दाणा धरून खाते. रात्री नुकसान झालं असेल तर आळ खारीवर घेऊ नका.
- घरातला छोटा उंदीर : रात्री येतो. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान.
- मोठा उंदीर : वासे, वेली, दोरी यांवरून सराईतपणे चढतो. लेंड्या साधारण एक ते दीड सेंटिमीटर.
- घूस : जमीन उकरून येते. खुराड्याच्या कडेला ताज्या मातीचा ढीग दिसला तर हीच. मोठी घूस अर्धा ते एक किलोची भरते.
- चिचुंद्री : लांब नाक, उग्र वास. ही उंदराच्या जातीची नाहीच! ती मुख्यतः किडे, झुरळं खाते. मुलांना हे सांगितलं की हमखास आश्चर्य वाटतं.

पाहुणा रात्रीचा असेल तर आणखी एक युक्ती. संध्याकाळी खाद्याच्या भांड्याभोवती चाळलेल्या राखेचा पातळ थर पसरा. सकाळी त्यावर ठसे मिळतात. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात, मागच्याला पाच, आणि मधून शेपटीची रेघ. मुलांनी ठसे वहीत काढायचे. राखेला आणि लेंड्यांना हात लावायचा नाही.

कृती : वजनकाट्याचा प्रयोग

साहित्य : स्वयंपाकघरातला वजनकाटा, दोन सारख्या वाट्या, खाद्य, बारीक जाळीचं झाकण, वही.

१. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात कोंडल्यावर दोन्ही वाट्यांत प्रत्येकी ५०० ग्रॅम खाद्य मोजून घ्या.
२. एक वाटी नेहमीच्या जागी उघडी ठेवा. दुसरी तिच्याच शेजारी जाळीखाली, वर दगड ठेवून.
३. सकाळी कोंबड्या सोडण्याआधी दोन्हींचं वजन करा.
४. असं तीन रात्री करा. त्याहून जास्त नको, नाहीतर आपणच पाहुणचार करत बसू.

दुसरी वाटी कशाला, असं मुलं विचारतील, आणि विचारायलाच हवं. पावसाळ्यात खाद्य हवेतली ओल शोषून थोडं जड होतं. झाकलेल्या वाटीतला फरक हा हवेचा. उघड्या वाटीतला फरक त्याच्याशी ताडून पाहिला की पाहुण्यांचा वाटा कळतो. विज्ञानात तुलना म्हणजे काय, हे इतक्या सोप्या रीतीने क्वचितच शिकवता येतं.

आता गणित. कोंडून ठेवलेली, अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. परसात मोकळी फिरणारी किडे, गवत, खरकटं खाते, म्हणून तिला कमी पुरतं. कोंडलेल्या आठ कोंबड्यांना ११० ग्रॅमप्रमाणे ८८० ग्रॅम लागतात. रोज १ किलो २८० ग्रॅम संपत असतील तर ४०० ग्रॅम कुठे गेले? महिन्याला १२ किलो. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर ४८० रुपये. हा गुणाकार मूल कधी विसरत नाही, कारण पैसे त्याच्या घरचे असतात.

मग करायचं काय?

१. संध्याकाळी ताट उचला. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, अर्ध्या तासात संपेल एवढंच खाद्य द्या. उरलेलं उचला, सांडलेलं झाडून घ्या. पाण्याचं भांडंही रात्री आत घ्या आणि उजाडताच परत ठेवा. हे काम घरातल्या एका मुलाकडे नेमून द्या. बल्बखाली वाढणारी लहान पिल्लं मात्र रात्रीही खातात, त्यांची पेटी बारीक जाळीने पूर्ण बंद हवी.

२. साठा पत्र्याच्या डब्यात ठेवा. गोणी आणि प्लॅस्टिकची बादली उंदीर कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला कुरतडावंच लागतं. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा किंवा घट्ट झाकणाची कोठी उत्तम. डबा विटांवर ठेवा, म्हणजे खालून ओल लागणार नाही. बुरशी आलेलं खाद्य कोंबडीलाही घालू नका, त्यातलं विष तिच्या यकृतावर जातं.

३. जाळी बदला. षटकोनी भोकांची 'कोंबडी जाळी' कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. मुलांना पेन्सिलची कसोटी द्या : जिथून पेन्सिल आत जाते तिथून छोटा उंदीर जाऊ शकतो. खुराड्याच्या खालच्या भागाला पाव इंची चौकोनी भोकांची लोखंडी जाळी लावा. घूस असेल तर तीच जाळी जमिनीखाली वळवून बाहेरच्या बाजूला फूटभर पसरा आणि वर माती टाका. घूस भिंतीलगत उकरायला लागते, जाळी लागली की सहसा नाद सोडते.

४. शिंकं आठवा. आपल्या आजीने दही-लोणी शिंक्यावर टांगलं ते उगाच नाही. खाद्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगलं की ती पायाने उकरून सांडत नाही. पण फक्त टांगून भागत नाही. उंदीर दोरीवरून उतरतो, दोन-अडीच फूट उडीही मारतो. दोरीत मध्ये जुनं गुळगुळीत ताट उपडं ओवलं तर वरून उतरणाऱ्याचा पाय घसरतो. दिवसा येणाऱ्या खारीसाठीही हे चांगलं.

५. पायदानाचा डबा. यात कोंबडी फळीवर उभी राहिली की झाकण उघडतं. दीड किलोच्या कोंबडीने फळी दबते, शंभर ग्रॅमच्या खारीने किंवा पाव किलोच्या उंदराने दबत नाही. तरफेचा पाठ शिकवायला याहून चांगलं साधन कुठलं? मोठी घूस मात्र फळी दाबू शकते, म्हणून रात्री हाही डबा उचलायचाच.

६. मिरचीपूड. गंमत म्हणजे पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, सस्तन प्राण्यांना जाणवतो. म्हणून पोपट मिरची मजेत खातो. खाद्यात मिरचीपूड मिसळली तर खार आणि उंदीर बिचकतात, कोंबडी खाते. पण पुडीने मुलांचे डोळे चुरचुरतात आणि भुकेला उंदीर सवय करून घेतो. म्हणून हा जोडउपाय, मुख्य उपाय नव्हे.

विष नको, आणि का नको

बाजारात सहज मिळतं म्हणून लोक विष आणतात. काळपट झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो, आणि त्यावर उतारा नाही. ज्या परसात मुलं आणि कोंबड्या एकत्र फिरतात तिथे ते ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. रक्त पातळ करणाऱ्या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो. तो कोंबडी टोचून खाते, मांजर खातं, गव्हाणी घुबड खातं. म्हणजे रात्री फुकट उंदीर पकडणारा राखणदारच आपण मारतो. आणि ताट उघडंच राहिलं तर मेलेल्या उंदराची जागा दुसरा घेतो. मादी साधारण तीन आठवड्यांत पिल्लं देते, एका वेळी सहा-आठ. विष तिच्या वेगाला पुरं पडत नाही.

मांजर पाळावं का? गावाच्या नावात मांजर आहे म्हणून प्रश्न सुटत नाही! छोटे उंदीर ती पकडते, घुशीच्या वाटेला सहसा जात नाही, आणि पिल्लांवर तिचीही नजर असते. पिंजरा लावला तर तो मोठ्यांनीच हाताळावा.

साफसफाई करताना लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. आधी ब्लीचचं पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा, मग साबणाने हात धुवा. पावसाळ्यात परसात जाताना मुलांच्या पायात बूट हवेतच.

खारीविषयी दोन शब्द

सेतू बांधताना मदत केली म्हणून रामाने पाठीवरून हात फिरवला आणि पट्टे उमटले, ही गोष्ट मुलांना माहीत असते. खार फळं, बिया, किडे खाते, दाणे इकडेतिकडे नेते. तिला मारायचं नाही, पकडायचंही नाही. ठरलेल्या वेळी खाद्य द्या आणि झाकण लावा, ती पुन्हा झाडावर जाईल.

वर्गात चर्चेसाठी

१. तुमच्या घरी रात्री कोणकोणतं अन्न उघडं राहतं? यादी करा.
२. आजी-आजोबांना विचारा : कणगी, शिंकं, उतरंड यांत काय ठेवायचे? उंदरापासून ते कसं वाचवायचे?
३. एका घरी ताट उचललं पण शेजारच्या घरी उघडं राहिलं, तर काय होईल?

तिसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ द्या. उंदराला कुंपण कळत नाही. दहा घरांच्या आळीत एकाच घराने काळजी घेतली तर उंदीर फक्त घर बदलतो, आणि पूर आला की चिखल सगळ्यांच्याच दारात येतो. प्रयोगाची वही घेऊन मुलं शेजारच्या काकूंकडे गेली आणि "काकू, रात्री कणी आत घ्या, हे बघा आमचं वजन," असं म्हणाली, तर पाठ पूर्ण झाला असं समजा.

पावसाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात हा पाठ घ्या. तीन रात्रींचा प्रयोग आहे, खर्च काहीच नाही.