घरातला कोळसा

आपल्या घरी चूल पेटते ती सरपणावर. काटक्या, तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, जे मिळेल ते आपण चुलीत घालतो. थंड देशांत एवढ्यावर भागत नाही. तिथे हिवाळाभर घरात विस्तव राखावा लागतो, नाहीतर माणूस गारठून जायचा. म्हणून तिथले लोक घरात दगडी कोळसा जाळीत आले.

लंडन शहराचंच बघा. घरोघरी भिंतीत शेकोटी आणि वर धुराडे. १९५२ साली तिथे चांगला कोळसा रेशनवर होता. गरिबाला मिळे तो हलका, भुग्याचा. त्याचा धूर फार. ५ डिसेंबरला कडक थंडी पडली. वारा पडला. गार हवा खाली बसली आणि तिच्यावर ऊबदार हवेचे झाकण पडले. धूर वर जाईना. घरांचा धूर, वीजघरांचा धूर, सगळा गावातच कोंडला. पाच दिवस समोरचं दिसेना. बसगाड्या थांबल्या. एका नाटकगृहात धुके शिरले आणि खेळ अर्ध्यात बंद करावा लागला! त्या दिवसांत सुमारे ४,००० माणसे जादा मेली, असे तेव्हा मोजले. पुढे अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि दमेकरी यांचे हाल झाले.

१९५६ साली तिथे कायदा झाला. वस्त्या धूरबंद ठरवल्या, आणि शेकोटी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकारने व नगरपालिकेने उचलला. हे आम्हांला शहाणपणाचे वाटते. नुसता हुकूम काढून थंडी जात नाही. पुढे तिथे समुद्रातला गॅस घरोघरी आला. मे २०२३ पासून तर इंग्लंडात घरात जाळायला साधा दगडी कोळसा विकताच येत नाही.

गरीब देशाला हे जड जाते. मंगोलियाची राजधानी उलानबातर. तिथे निम्म्याहून जास्त लोक जाड लोकरी तंबूंच्या आणि लहान घरांच्या वस्तीत राहतात. हिवाळ्यात रात्री पाणीच काय, सगळंच गोठतं. मे २०१९ मध्ये तिथे कच्चा कोळसा बंद करून कोळशाच्या वड्या दिल्या. धूर उतरला. पण त्याच हिवाळ्याच्या तोंडाला विषारी वायूने काही माणसे दगावली.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा हवा कमी पडून धुमसला की तो निघतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं माणसाला वाटतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. झोपलेला माणूस तसाच जातो. कोरियात जमिनीखालून ऊब खेळवीत. फरशीला चीर गेली की हा वायू खोलीत येई. तिथे वर्षानुवर्षे माणसे अशी गेली.

आपल्याकडं बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारं-खिडक्या गच्च लावण्याची रीत आहे. तोच वायू तिथेही निघतो. आम्ही अशा घरी गेलो की आधी खिडकी उघडतो. घरच्या म्हाताऱ्या रागावतात. रागावू देत. खिडकी उघडी राहते.