शोभेचा मासा आणि नदीचे जाणकार

घरातील काचेच्या टाकीत ठेवल्या जाणाऱ्या शोभेच्या माशांत कार्डिनल टेट्रा हा फार लोकप्रिय आहे. त्याची लांबी तीन-चार सेंटिमीटरांहून क्वचितच अधिक असते. अंगावर एक चमकदार निळा पट्टा आणि त्याखाली तोंडापासून शेपटीपर्यंत तांबडा रंग, असे त्याचे रूप असते. या पट्ट्यात निळे रंगद्रव्य मात्र नसते. त्वचेतील पेशींमध्ये ग्वानीन या द्रव्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात व त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश निळा दिसतो.

हा मासा दक्षिण अमेरिकेतील निग्रो नदीच्या खोऱ्यात व ओरिनोको नदीच्या वरच्या खोऱ्यात आढळतो. १९५६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले व त्याच सुमारास त्याचा व्यापारही वाढू लागला. ब्राझीलमधील निग्रोकाठचे बार्सेलोस हे गाव त्या व्यापाराचे केंद्र बनले. रबराचा चीक किंवा पियासाबा नावाच्या ताडाचे तंतू गोळा करून निर्वाह करणारी पुष्कळ कुटुंबे या मासेमारीकडे वळली. मागणी शिगेला पोहोचली, त्या काळात दरवर्षी कोट्यवधी मासे परदेशी जात. रानातील मासा पकडून विकणे म्हणजे निसर्गाची लूट, असे कोणासही सहज वाटेल. बार्सेलोसचा अनुभव मात्र वेगळा आहे. त्याचे कारण कळण्यासाठी प्रथम ती नदी समजून घेतली पाहिजे.

काळे पाणी

निग्रो या शब्दाचा अर्थच काळा असा आहे. अरण्यातील वालुकामय जमिनीतून पाणी झिरपत येते, तेव्हा कुजलेल्या पालापाचोळ्यातील सेंद्रिय आम्ले त्यात उतरतात व पाण्यास कोऱ्या चहासारखा रंग येतो. हे पाणी आम्लधर्मी असून त्यात क्षार अत्यल्प असतात. नदीची पातळी वर्षातून एकदा चढते व एकदा उतरते. मनौस शहराजवळ या दोन पातळ्यांमधील अंतर सरासरी १० मीटरांच्या आसपास असते. पूर आला म्हणजे काठचे अरण्य कित्येक महिने पाण्यात उभे राहते. अशा बुडालेल्या अरण्यास तेथे ‘इगापो’ म्हणतात. तेथे माशांना आसरा व विपुल अन्न मिळते, आणि त्यांची वीणही याच काळात होते.

पाणी ओसरू लागले म्हणजे मासे ‘इगारापे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओढ्यांत उतरतात. पुढे ओढेही आटू लागतात, डबकी एकमेकांपासून तुटतात, आणि त्यांत अडकलेले असंख्य मासे पाण्यावाचून मरतात किंवा मोठ्या माशांच्या व पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. टाकीत अनेक वर्षे जगू शकणारा कार्डिनल टेट्रा निसर्गात बहुधा वर्षभरापलीकडे जगत नाही. ओसरत्या पाण्यात पकडलेल्या माशांपैकी बरेचसे त्या हंगामात एरवीही मेलेच असते. वाचलेल्या माशांना पुढील पुरात पुन्हा विस्तीर्ण अरण्य मोकळे होते व त्यांची संख्या झपाट्याने भरून येते.

पियाबेइरोंची विद्या

लहान माशाला तेथील लोक ‘पियाबा’ म्हणतात व तो पकडणाऱ्यास ‘पियाबेइरो’. त्याची साधने साधी असतात: लहान होडी, वल्हे, ‘रापिशे’ नावाचे बारीक विणीचे हातजाळे आणि ‘काकुरी’ नावाचा सापळा. होडीच्या टोकाशी बसून तो एका हाताने जाळे पाण्यात धरतो व दुसऱ्या हातातील वल्ह्याने माशांचा थवा हलकेच जाळ्याकडे वळवतो. घाई केल्यास थवा उधळतो. शिवाय ओरबाडलेला मासा टिकत नाही व त्यास गिऱ्हाईकही मिळत नाही, म्हणून हात हलका असावा लागतो. पकडलेले मासे काही काळ पाण्यातच तरंगत्या पिंजऱ्यात ठेवतात. मग उथळ टबांत घालून, वाटेत पाणी बदलत, बोटीने मनौसला नेतात.

पियाबेइरोची खरी मिळकत मात्र साधनांत नसून ज्ञानात आहे. पाणी किती उतरले म्हणजे कोणत्या ओढ्यात थवे जमतील, पाण्याच्या कोणत्या छटेत कोणता मासा सापडेल, कोणते डबके आधी आटेल, हे तो अनुभवाने ओळखतो. पाणी उतरत असताना मध्येच पावसाने पातळी पुन्हा थोडी चढते. या अवेळी चढाला ‘रेपिकेट’ हे नाव आहे. तो आला की थवे पुन्हा अरण्यात पांगतात व मासेमाराला थांबावे लागते. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. ती होडीतच वडिलांकडून मुलाकडे येते.

मासा राखतो अरण्य

अमेझोनास विद्यापीठातील मत्स्यशास्त्रज्ञ निंग लॅबिश चाओ यांनी १९८९ साली ‘प्रोजेक्ट पियाबा’ हा उपक्रम सुरू केला. त्यामागील विचार सरळ आहे. अरण्य उभे राहिले तरच मासा राहतो. म्हणून ज्याचे पोट माशावर अवलंबून आहे, तो अरण्य तोडू देत नाही. हे उत्पन्न बुडाले तर त्याच कुटुंबांना लाकूडतोड, गुरांची कुरणे किंवा खाणी यांकडे वळण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. पुढे इतर देशांत हा मासा टाक्यांतून पैदा केला जाऊ लागला व निग्रोच्या माशाची मागणी पुष्कळ घटली. शेततळ्यातील मासा स्वस्त मिळतो, परंतु त्याच्या किमतीतून निग्रोकाठचे एकही झाड राखले जात नाही. २०१४ साली निग्रो नदीच्या शोभेच्या माशांना ब्राझीलमध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. माशाचे मूळ ठिकाण ग्राहकाला कळावे, हा त्याचा उपयोग.

सह्याद्रीतील वेगळे उदाहरण

यावरून कोणताही मासा कितीही पकडावा असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. केरळ व दक्षिण कर्नाटकातील सह्याद्रीच्या नद्यांत ‘मिस केरळ’ या नावाने प्रसिद्ध झालेला डेनिसन बार्ब आढळतो. फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली त्याचे वर्णन केले, आणि २०१३ पासून तो ‘सह्याद्रिया’ या प्रजातीत गणला जातो. थोड्याच नद्यांच्या तुटक भागांत राहणाऱ्या या माशाला निग्रोसारखे पुराचे विशाल अरण्य लाभलेले नाही. परदेशातील मागणीमुळे त्याची बेसुमार पकड झाली, आणि तो संकटग्रस्त जातींत मोडू लागला. केरळ शासनाने २००८ साली पकडीवर निर्बंध घातले. परंतु त्याची वीण मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळात होते व बंदीचे महिने तिच्याशी नीट जुळत नाहीत, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. नियम कितीही चांगल्या हेतूने केला, तरी नदीचे वेळापत्रक न पाहता केल्यास तो माशाच्या उपयोगी पडत नाही.

वेळापत्रक बदलते तेव्हा

आता निग्रोचे वेळापत्रकही डळमळू लागले आहे. मनौस येथे १९०२ पासून पाण्याची पातळी नोंदवली जाते. २०२१ साली तेथे ३०.०२ मीटर इतक्या उंचीच्या पुराचा विक्रम झाला. त्यानंतर २०२३ मध्ये पातळी १२.७० मीटरांपर्यंत खाली गेली, व २०२४ मध्ये त्याहूनही खाली, १२.११ मीटरांवर आली. पूर्वी कधीही न आटलेले ओढे आटतात, तेव्हा पुढील पुरासाठी कोणते मासे उरले हा प्रश्न उभा राहतो. पातळीचा आकडा मोजपट्टी सांगते. परंतु कोणत्या ओढ्यात थवा तग धरून आहे व कोठे या वर्षी जाळे टाकू नये, हे रोज त्या पाण्यावर वावरणाराच सांगू शकतो. म्हणून माशांची गणना करताना व बंदीचे महिने ठरवताना शास्त्रज्ञाने मासेमाराला सोबत घेणे अगत्याचे आहे. धंदा बसून पियाबेइरो शहराकडे निघून गेले, तर मासे कदाचित पुन्हा वाढतील, परंतु त्यांना ओळखणारी विद्या एका पिढीत नाहीशी होईल.