थंड प्रदेशातील बाह्य भिंत आणि इमारत संहिता

लडाखमधील लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. हिवाळ्यात तेथील पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. अशा प्रदेशात बाह्य भिंतीतून उष्णता निसटू लागली की ती भरून काढण्यासाठी लाकूड, शेण्या किंवा रॉकेल जाळावे लागते. इंधनाचा खर्च वाढतो, खोलीत धूर कोंडतो आणि बंद खोलीत साचणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरू शकतो. म्हणूनच भिंतीचे उष्णतारोधन हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नव्हे.

मोजमाप कसे करतात?

भिंतीच्या एक चौरस मीटर क्षेत्रातून, आतील व बाहेरील तापमानात एका अंशाचा फरक असताना, जितके वॅट उष्णता बाहेर जाते त्या संख्येस ‘यू-मूल्य’ म्हणतात. हे मूल्य जितके कमी, तितकी भिंत चांगली. दोन्ही बाजूंस गिलावा केलेल्या २३ सेंटिमीटर जाडीच्या वीट-भिंतीचे यू-मूल्य सुमारे २ असते. आत १८ अंश आणि बाहेर उणे १२ अंश तापमान असल्यास अशा १० चौरस मीटर भिंतीतून सुमारे ६०० वॅट उष्णता सतत बाहेर जाते.

संहितेतील तरतूद

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये केंद्र शासनाने २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर केली. २०१७ च्या सुधारित संहितेत बहुतेक व्यापारी इमारतींच्या बाह्य भिंतींसाठी थंड हवामानात यू-मूल्याची कमाल मर्यादा ०.३४ ठरविण्यात आली. महाराष्ट्रात आढळणाऱ्या उष्ण-आर्द्र हवामानासाठी ती ०.४० आहे. ०.३४ ही मर्यादा पाळल्यास वरील भिंतीतील नुकसान ६०० वरून सुमारे १०० वॅटवर येते. त्यासाठी खनिज लोकरीसारख्या उष्णतारोधकाचा साडेआठ ते नऊ सेंटिमीटर जाडीचा थर पुरतो. विशेष म्हणजे पहिल्या दोन सेंटिमीटरांतच नुकसान निम्म्याहून कमी होते.

बांधकामातील दक्षता

थर सलग असावा. तुळई, स्लॅब आणि खिडकीची चौकट या ठिकाणी तो तुटला तर तेथूनच उष्णता निसटते. खोलीतील दमट हवा भिंतीत शिरून थंड भागात पाणी धरू नये, म्हणून बाष्परोधक पडदा उबदार, म्हणजे आतील, बाजूस लावावा. ओला झालेला थर निरुपयोगी होतो. पेट घेणारे फेस-पदार्थ निवडताना अग्निसुरक्षेचा विचार अटळ आहे.

लडाखमधील जुन्या घरांच्या उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटांच्या जाड भिंती दिवसाचे ऊन साठवितात, परंतु उष्णता पुरेशी अडवीत नाहीत. तेथील काही नव्या घरांत दुहेरी भिंतीच्या पोकळीत पेंढा किंवा लाकडाचा भुसा भरून आणि दर्शनी बाजू दक्षिणेकडे ठेवून ही उणीव दूर करण्यात आली आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घेतली पाहिजे. २०१७ ची संहिता १०० किलोवॅट वा अधिक जोडभाराच्या इमारतींसाठी होती. गावातील प्राथमिक शाळा किंवा आरोग्य उपकेंद्र त्या मर्यादेत क्वचितच येते. वास्तविक थंडीची झळ तेथील मुलांना व रुग्णांनाच अधिक बसते. तेव्हा संहितेची सक्ती नसली तरी अंदाजपत्रक आणि निविदेतच उष्णतारोधक थराची जाडी नमूद करणे, हे संबंधित अभियंता व पंचायत यांच्या हाती आहे. भिंत एकदा उभी राहिली की हा थर चढविण्याचा खर्च व त्रास दोन्ही वाढतात.